मुलांचा खेळ आणि खेळण्यांचा व्यापार

‘पॉ पॅट्रोल’ या लहान मुलांच्या विनोदी कार्टूनपटाचा तिसरा भाग २०२६ सालासाठी जाहीर झाला, तेव्हा राजकारण-अर्थकारणाची चर्चा करणाऱ्या मंडळींनी त्या वार्तेकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्यात नवल नाही. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव यांपुढे कुत्र्याच्या पिलांच्या चित्रपटाची काय मातब्बरी? पोराटोरांची करमणूक आहे, होईल आणि विसरली जाईल, अशीच सर्वसाधारण समजूत असते. परंतु ज्या व्यवहारात एका बाजूला जगभरची कोट्यवधी मुले आणि दुसऱ्या बाजूला मोजक्या कंपन्यांचे भांडवल उभे आहे, तो व्यवहार पोरखेळ समजून सोडून देणे समाजवादी विचार मानणाऱ्यांना परवडणारे नाही. आजच्या भांडवलशाहीची रीत कारखान्याच्या दारापेक्षा मुलांच्या खोलीत अधिक उघडपणे दिसते.

या चित्रपटाचे मूळ कोणा लेखकाच्या कथेत नाही. कॅनडातील टोरोंटो येथील ‘स्पिन मास्टर’ ही खेळणी बनवणारी कंपनी. तिने मुलांच्या मालिकेसाठी निरनिराळ्या लेखकांकडून कल्पना मागवल्या आणि त्यांतून कीथ चॅपमन यांची कल्पना निवडली. २०१३ साली ती दूरचित्रवाणीवर आली. सहा पिले, प्रत्येकाचा वेगळा गणवेश, प्रत्येकाचे वेगळे वाहन आणि सर्वांचा मिळून एक बुरूज, अशी तिची रचना आहे. मालिकेतली पात्रयादी आणि दुकानातली मालाची यादी यांत फारसा भेद उरू नये, असाच हा बेत आहे. २०२१ मध्ये पहिला चित्रपट निघाला, २०२३ मध्ये दुसरा. दुसऱ्याला सुमारे तीन कोटी डॉलर खर्च आला आणि जगभरच्या चित्रपटगृहांतून सुमारे वीस कोटी डॉलर जमा झाले. त्यात पिलांना अद्भुत शक्ती प्राप्त झाल्या. त्या शक्तींची खेळणी बाजारात २०१८ पासूनच होती. तिसऱ्या भागात डायनासोर येणार असे जाहीर झाले. डायनासोरांची उपमालिका आणि तिची खेळणी २०२० मध्येच आलेली होती. कथा कोणत्या वळणाने जावी याचा संकेत लेखकाच्या टेबलावर येण्यापूर्वी दुकानाच्या फळीवर दिसतो, एवढे अनुमान काढण्यास हा क्रम पुरेसा आहे.

या मालिकेतील समाजचित्रही पाहण्यासारखे आहे. गावात आग लागो, पूर येवो की कोणी हरवो, महापौरबाई धाव घेतात त्या एका मुलाच्या खासगी पथकाकडे. अग्निशमन, पोलीस, बांधकाम, जलसुरक्षा ही सारी कामे ते पथक करते. नगरपालिका आहे, पण तिला कर्मचारी नाहीत आणि ज्याच्याकडे यंत्रे आहेत तोच तारणहार आहे. निर्मात्यांनी हे खासगीकरणाच्या प्रचारासाठी रचले, असा आरोप करण्याचे कारण नाही. वाहने विकायची तर वाहनवाल्यांनाच नायक करावे लागते, एवढाच त्यामागचा हिशेब असावा. पण विक्रीच्या सोयीतून निघालेली गोष्टही मुलाच्या मनात जगाचे एक चित्र उमटवतेच.

खेळणे आधी आणि कथा नंतर, हा क्रम अगदी नवा नाही. डेन्मार्कमधील बिलुंड या खेड्यात ओले किर्क ख्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ साली लाकडी वस्तू आणि खेळणी करण्यास आरंभ केला. त्याच्या कारखान्यातून पुढे ‘लेगो’च्या विटा निघाल्या आणि १९५८ मध्ये त्या विटेच्या पेटंटसाठी अर्ज झाला. त्याच देशातील थॉमस डॅम या लाकूडकाम करणाऱ्या माणसाने १९५९ च्या सुमारास उभ्या केसांचा ‘ट्रोल’ बाहुला बाजारात आणला. ही खेळणी कारागिराच्या हातातून जन्मली. त्यांना कथा नव्हती, ती मूल स्वतः रचत असे. आपल्याकडची लाकडी ठकी काय किंवा भातुकलीतला बोळक्यांचा संसार काय, त्यांचेही तसेच होते. ठकीला नाव, गाव, सासर, माहेर देणारी मुलगी हीच त्या कथेची लेखिका होती आणि तिच्या कथेवर कोणाचा मालकी हक्क नव्हता. पुढे ड्रीमवर्क्स या चित्रपटकंपनीने ट्रोल बाहुल्यांचे हक्क २०१३ मध्ये घेतले आणि २०१६, २०२० व २०२३ असे तीन चित्रपट काढले. आता त्या बाहुल्याला नाव आहे, स्वभाव आहे, गाणी आहेत. ती सारी दुसऱ्याच्या मालकीची आहेत.

खेळण्याचा चित्रपट होणे ही बाजाराची नैसर्गिक वाढ आहे असे सांगितले जाते. इतिहास तसे सांगत नाही. अमेरिकेत १९६९ मध्ये ‘हॉट व्हील्स’ या खेळण्यातील मोटारींवर एक कार्टूनमालिका सुरू झाली. प्रतिस्पर्धी खेळणी कंपनीनेच तक्रार केली, की ही मालिका नव्हे, ही अर्ध्या तासाची जाहिरात आहे. तेथील संघराज्य दळणवळण आयोगाला ती तक्रार ग्राह्य वाटली आणि अशा कार्यक्रमातील भाग जाहिरातीच्या वेळेत मोजला जावा असा त्याचा कल पडला. पुढची कित्येक वर्षे खेळण्यांवर आधारलेल्या मालिकांना या भूमिकेने पायबंद घातला. म्हणजे भांडवलशाहीच्या माहेरघरीसुद्धा जाहिरात आणि गोष्ट यांमध्ये एक रेघ होती.

ती रेघ पुसली गेली ती राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या राजवटीत. त्यांनी नेमलेले आयोगाचे अध्यक्ष मार्क फाउलर यांचे तत्त्वज्ञान सरळ होते : लोकहित म्हणजे लोक जे विकत घेतात ते. १९८४ मध्ये आयोगाने जाहिरातींच्या वेळेवरील मर्यादा उठवल्या आणि मुलांच्या कार्यक्रमांचा अपवादही केला नाही. ‘ही-मॅन’ त्याआधी वर्षभर आलाच होता. आता ‘ट्रान्सफॉर्मर्स’, ‘केअर बेअर्स’, ‘माय लिट्ल पोनी’ यांची रांग लागली. १९९० साली अमेरिकी काँग्रेसने कायदा करून मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींना तासाला साडेदहा ते बारा मिनिटांची मर्यादा पुन्हा घातली. परंतु संपूर्ण कार्यक्रमच जाहिरात असेल तर काय करावे, हा मूळ प्रश्न तसाच राहिला. तात्पर्य, ज्याला बाजाराची नैसर्गिक गती म्हटले जाते ती एका सरकारी निर्णयाने मोकळी केलेली गती आहे. निर्णयाने जे झाले ते निर्णयाने बदलताही येते.

या व्यवस्थेत ‘पुढचा भाग’ या कल्पनेला विशेष अर्थ आहे. चांगले खेळणे दीर्घकाळ टिकते, हा ग्राहकाच्या दृष्टीने त्याचा गुण आणि भांडवलाच्या दृष्टीने त्याचा दोष. धाकट्या भावंडाला थोरल्याची मोटार मिळाली की विक्री थांबली. धान्य रोज संपते, साबण महिन्याला संपतो, बाहुली मात्र संपत नाही. मग ती वस्तू न मोडता जुनी कशी करायची? तिची गोष्ट जुनी करायची. नव्या भागात नवा गणवेश, नवे वाहन, नवा सवंगडी आला की मुलाच्या हातातले धडधाकट खेळणे एका दिवसात कालबाह्य होते. चित्रपटाच्या तिकिटांतून खर्च निघाला तर उत्तमच, थोडा कमी निघाला तरी खेळण्यांच्या विक्रीतून भरपाई होण्याची आशा असते. जाहिरात पाहण्यासाठी गिऱ्हाइकानेच पैसे मोजावेत, असा हा व्यवहार आहे.

त्याचे सर्वांत उघडे रूप १९८६ च्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ चित्रपटात दिसले. यंत्रमानवांचा नायक ‘ऑप्टिमस प्राइम’ आणि त्याचे अनेक साथीदार त्या चित्रपटाच्या पहिल्या भागातच मारले गेले. कारण वाङ्मयीन नव्हते. जुन्या खेळण्यांची जागा नव्या खेळण्यांना द्यायची होती. दोन वर्षे ज्याच्याशी मैत्री केली त्या वीराला पडद्यावर मरताना पाहून लहान मुले रडत बाहेर पडली. पालकांचा रोष इतका झाला की त्याच कंपनीच्या ‘जी. आय. जो’ या पुढल्या चित्रपटात एका नायकाचा ठरलेला मृत्यू बदलून तो केवळ बेशुद्ध असल्याचे सांगावे लागले. माल बदलणे हा व्यापाऱ्याचा नित्याचा व्यवहार आहे. मुलाच्या लेखी मात्र तो माल नव्हता, मित्र होता. कंपनीने आधी मालाचा मित्र केला आणि मग त्या मैत्रीला माल म्हणून वागवले. या धंद्यावरील नैतिक आक्षेपाचे मूळ येथे आहे.

अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके यावर एक तयार उत्तर देतात : ग्राहक सार्वभौम आहे, त्याला नको असेल तर त्याने घेऊ नये. पण या बाजारात ग्राहक कोण? ज्याला हवे असते त्याच्याकडे पैसा नाही आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याला ते नको असते. मागणी मुलाची, खर्च आईबापांचा आणि त्या दोघांच्या मधल्या हट्टावर, रडण्यावर आणि अपराधी भावनेवर विक्री उभी. लहान मुलाला जाहिरात आणि गोष्ट यांतला फरक कळत नसेल, तर त्याच्या निवडीला सार्वभौम म्हणणे ही थट्टाच. जॉन केनेथ गॅलब्रेथ यांनी १९५८ मध्ये दाखवून दिले होते, की संपन्न समाजात उत्पादन गरज भागवते त्याबरोबर ती गरज निर्माणही करते. मग ‘लोकांना हवे म्हणून आम्ही करतो’ या समर्थनाला अर्थ उरत नाही. त्यांचे ते प्रतिपादन प्रौढ ग्राहकांविषयी होते. पाच वर्षांच्या ग्राहकाला तर ते कितीतरी अधिक लागू पडते.

मार्क्सने १८६७ साली पण्यवस्तूच्या गूढपणाविषयी लिहिले : माणसांमधले श्रमाचे संबंध वस्तूंमधल्या संबंधांचे सोंग घेतात, घडवणारे हात अदृश्य होतात आणि वस्तू जणू स्वतःच्या बळावर उभी राहते. आता वस्तू नुसती उभी राहत नाही. ती पडद्यावर बोलते, गाते, विनोद करते आणि मुलाच्या गळ्यात गळा घालते. तिला घडवणारे हात मात्र पूर्वीहून अधिक अदृश्य झाले आहेत.

ते हात कोणाचे, याचा शोध घेतला तर विनोदी चित्रपटाचे हसू मावळते. १० मे १९९३ रोजी थायलंडमधील नाखोन पाथोम प्रांतात ‘केडर’ या खेळण्यांच्या कारखान्याला आग लागली. कामगार बहुतांशी खेड्यांतून आलेल्या तरुण स्त्रिया. बाहेर पडण्याच्या वाटा अपुऱ्या, दारे बंद. इमारतीच्या लोखंडी सांगाड्याला आगीपासून संरक्षण नसल्याने ती कोसळली. १८८ माणसे गेली आणि शेकडो जखमी झाली. अमेरिकी दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय पात्रांच्या बाहुल्या तेथे शिवल्या जात. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला चीनमधील शेन्झेन येथे ‘झिली’ या खेळण्यांच्या कारखान्यात ८७ कामगार जळून मेले. ज्या बाहुल्यांच्या चेहऱ्यावर सदैव हसू रंगवलेले असते, त्यांच्या इतिहासात ही पानेही आहेत.

चित्रपट काढणाऱ्या हातांची स्थितीही निश्चिंत नाही. ‘पॉ पॅट्रोल’चे पहिले दोन चित्रपट चित्रित करण्याचे काम ‘मिक्रोस’ या कंपनीकडे होते. ती टेक्निकलर या आंतरराष्ट्रीय समूहाचा भाग होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये हा समूह कोसळला. त्याच्या बंगळुरू आणि मुंबई येथील कचेऱ्या बंद झाल्या आणि सुमारे तीन हजार भारतीय कर्मचाऱ्यांवर बेकारीची कुऱ्हाड पडली. संगणकापुढे बसून पात्राचा एकेक केस हलवणारा हा तरुण स्वतःला कामगार म्हणवून घेत नाही. त्याला कलावंत, तंत्रज्ञ, व्यावसायिक अशी नावे आवडतात. परंतु एका सकाळी कचेरीचे दार बंद होते आणि थकलेल्या पगाराची दाद कोठे मागावी हे कळत नाही, तेव्हा गिरणीच्या बंद फाटकापाशी उभ्या राहिलेल्या गिरणगावातल्या कामगाराच्या आणि त्याच्या स्थितीत कितीसा फरक उरतो? चित्रपटाला तिसरा भाग मिळतो, काम करणाऱ्याला दुसऱ्या महिन्याची शाश्वती मिळत नाही.

या टीकेला एक गंभीर प्रत्युत्तर आहे आणि त्याचा विचार झाला पाहिजे. खेळण्यांवरील सारेच चित्रपट टाकाऊ नसतात. २०१४ चा ‘लेगो’ चित्रपट याचे उदाहरण. फिल लॉर्ड आणि ख्रिस्तोफर मिलर यांनी तो दिग्दर्शित केला. त्याचा नायक एक साधा बांधकाम कामगार आणि खलनायकाचे नावच ‘लॉर्ड बिझनेस’. सर्व काही छान चालले आहे असे गाणे म्हणत आज्ञेप्रमाणे जगणारी प्रजा आणि सारे जग डिंकाने चिकटवून ठेवू पाहणारा धनदांडगा, असा तो उपहास होता. तो खरोखर चांगला होता. मुले हसली, मोठेही हसले. सुमारे सत्तेचाळीस कोटी डॉलरची तिकिटे खपली आणि त्याच वर्षाच्या पूर्वार्धात लेगो ही विक्रीच्या दृष्टीने जगातील सर्वांत मोठी खेळणी कंपनी ठरली. लॉर्ड बिझनेसची थट्टा हाही लॉर्ड बिझनेसचा माल झाला.

ही थट्टा कोठवर चालते, हेही त्याच वर्षी दिसले. तेलकंपनी शेलचे बोधचिन्ह लेगोच्या खेळण्यांवर असे. ग्रीनपीस या संघटनेने त्याविरुद्ध लेगोच्याच विटा वापरून आणि त्याच चित्रपटातील गाण्याचा आधार घेऊन एक छोटी चित्रफीत काढली. उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश काळ्या तेलात बुडताना तीत दाखवला होता. चित्रपटाच्या मालक कंपनीने हक्कभंगाची तक्रार केली आणि ती फीत काही काळ हटवली गेली. म्हणजे मालकाने स्वतःवर केलेला विनोद चालतो, लोकांनी मालकावर केलेला विनोद चालत नाही. तरीही ती फीत परत आली, लाखो लोकांनी पाहिली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये लेगोने शेलबरोबरचा करार पुढे न वाढवण्याचे जाहीर केले. पुढे २०१९ मध्ये आलेल्या चित्रपटाच्या दुसऱ्या भागाला पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी प्रेक्षकमूल्य मिळाले. प्रेक्षक पूर्णपणे मुठीत असतो, ही भांडवलाची समजूतही खोटी आणि त्याच्या टीकाकारांची निराशाही खोटी, हा या दोन घटनांचा धडा आहे.

आपल्या देशाचा या प्रश्नाशी संबंध जुना आहे. १९८७ मध्ये अमेरिकेची हॅसब्रो आणि मद्रासची एमआरएफ यांच्या भागीदारीतून ‘फनस्कूल’ कंपनी निघाली. गोव्यात तिचा कारखाना उभा राहिला आणि ‘जी. आय. जो’चे अमेरिकी सैनिक भारतीय मुलांच्या हाती आले. ‘ही-मॅन’ दूरदर्शनवर आला. अलीकडे सरकारने परदेशी खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० मध्ये वीस टक्क्यांवरून साठ टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये सत्तर टक्क्यांवर नेले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना गुणवत्तेची प्रमाणपत्रे सक्तीची केली. विषारी रंग आणि निकृष्ट प्लॅस्टिक यांपासून मुलांचे रक्षण होत असेल आणि देशात रोजगार वाढत असेल, तर या उपायांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु स्वदेशी हा शब्द उच्चारला की प्रश्न संपत नाही. परदेशी कंपनीच्या परवान्याने तेच पिलू भारतात ओतले गेले तर नफ्याचा एक वाटा आणि कल्पनेवरील संपूर्ण मालकी बाहेरच राहते. आणि ते ओतणाऱ्या कामगाराला कंत्राटाखाली किती वेतन मिळते, हे आयातशुल्काच्या तक्त्यात लिहिलेले नसते. सावंतवाडीच्या चितारआळीतील कारागीर या तक्त्यात कोठे बसतो, हाही प्रश्न आहेच.

याहून मोठी हानी मात्र गाजावाजा न होता झाली. मुलांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या जगातले, कोणताही माल न खपवणारे चित्रपट मिळावेत म्हणून १९५५ साली बालचित्र समितीची स्थापना झाली. मुंबईत तिचे कार्यालय होते. तिच्या कारभारात सरकारी सुस्ती होती, चित्रपट तयार होऊन डब्यांत पडून राहत, शाळांपर्यंत पोहोचत नसत. हे दोष झाकण्याचे कारण नाही. पण दोषी संस्था सुधारायची असते. २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली आणि केवळ मुलांसाठी चित्रपट काढणारी देशपातळीवरील स्वतंत्र सार्वजनिक संस्था नाहीशी झाली. बाजाराने मुलांच्या गोष्टींवर कब्जा केला अशी तक्रार करताना सार्वजनिक संस्थेने आपली जागा आपणच रिकामी केली, हे विसरता येणार नाही.

मग करावे काय? प्रथम, काय करू नये ते स्पष्ट असावे. अशा चित्रपटांवर बंदीची मागणी समाजवाद्यांनी करू नये. कोणती गोष्ट जाहिरात हे ठरवण्याचा अनिर्बंध अधिकार ज्या सरकारला दिला, ते उद्या कोणती गोष्ट राष्ट्रद्रोह हेही ठरवील. १९७५ च्या आणीबाणीत सेन्सॉरची कात्री अनुभवलेल्यांना हे सांगावे लागू नये. तसेच मुलाच्या हातातले पिलू हिसकावून त्याला भांडवलशाहीवर प्रवचन देण्याचाही मोह आवरावा. मुलाचे प्रेम खरे असते आणि त्याची चेष्टा करणाऱ्या विचाराकडे ते मूल पुढे कधी वळणार नाही.

नियम हवेत ते व्यापारावर. कॅनडातल्याच क्युबेक प्रांताने १९८० पासून तेरा वर्षांखालील मुलांना उद्देशून केलेल्या व्यापारी जाहिरातींवर बंदी घातली. एका खेळणी कंपनीने भाषणस्वातंत्र्याच्या नावाने तिला आव्हान दिले आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८९ मध्ये बहुमताने न्यायालयाने सांगितले, की जाहिरातीलाही स्वातंत्र्याचे संरक्षण आहे हे खरे, पण लहान मुलांच्या अजाणतेपणाचा लाभ उठवण्यापासून त्यांना वाचवण्यासाठी ही मर्यादा न्याय्य आहे. स्वीडनने १९९१ मध्ये दूरचित्रवाणीवर बारा वर्षांखालील मुलांना उद्देशून जाहिराती करण्यास मनाई केली. उपग्रहावरून दुसऱ्या देशातून येणाऱ्या वाहिन्यांपुढे तो नियम अपुरा पडला, हे मान्य करूनही त्यामागचे तत्त्व मोलाचे आहे. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्यांत मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींवर काही बंधने घातली. या बंधनांना धार आणणे, मालिका किंवा चित्रपट खेळण्याच्या उत्पादकाच्या मालकीचा असेल तर ते आरंभी ठळकपणे सांगण्याची सक्ती करणे आणि त्याच कार्यक्रमात त्याच मालाची जाहिरात करण्यास मनाई करणे, एवढी मागणी आजही करता येते. तिने कोणत्याही कथेचा गळा दाबला जात नाही. कथा सांगणारा कोण, एवढेच ऐकणाऱ्याला कळते.

दुसरी मागणी श्रमाच्या बाजूची. खेळण्यांच्या कारखान्यातील कंत्राटी स्त्री आणि संगणकावर चित्रे हलवणारा तरुण यांना एकाच साखळीच्या दोन कड्या समजून त्यांच्या संघटनेचा प्रश्न कामगार चळवळीने हाती घेतला पाहिजे. मुंबईतून हलणारी चित्रे जगभर जातात, त्या मुंबईत हे काम करणाऱ्यांची बळकट संघटना उभी करणे हे येथील चळवळीचेच कर्तव्य ठरते.

तिसरे काम कायद्याची वाट न पाहता होण्यासारखे आहे. वस्तीतले वाचनालय, शाळेची सुट्टी, गणेशोत्सवाचा मांडव, सुटीतले शिबिर या जागा अजून आपल्या हातात आहेत. तेथे खेळण्यांची देवघेव करणारी पेटी ठेवता येते. एका घरात पडून राहिलेले खेळणे दुसऱ्या घरात गेले की ‘पुढचा भाग’ न काढताही त्याला पुढचे आयुष्य मिळते. तेथे मुलांना गोष्ट सांगता येते आणि तिचा शेवट त्यांच्याकडून करवून घेता येतो. मातीचे, कागदाचे, चिंध्यांचे खेळणे मुलाने स्वतः केले, की वस्तूमागे श्रम असतो हे अर्थशास्त्राचे पहिले तत्त्व ते पुस्तकाशिवाय शिकते. राष्ट्र सेवा दलाच्या शाखांनी आणि कलापथकांनी मुलांना केवळ प्रेक्षक न मानता खेळाचे आणि गाण्याचे धनी मानले होते. ती परंपरा आठवणीपुरती उरू देता कामा नये.

तिसऱ्या भागानंतर चौथाही येईल. मुले तो पाहतील आणि हसतील. त्यांच्या हसण्यावर कोणाचा आक्षेप असू नये. चित्रपट संपून घरी आल्यावर मूल आपल्या खेळाची गोष्ट स्वतः रचणार आहे, की विकत आणलेली गोष्टच पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, या प्रश्नाचे उत्तर मात्र मोठ्यांना द्यायचे आहे. जे मूल आपल्या बाहुलीचे नशीब स्वतः ठरवू शकते, ते मोठेपणी आपल्या समाजाचे नशीबही कोणा लॉर्ड बिझनेसच्या स्वाधीन करण्यास सहजासहजी राजी होणार नाही. ती उमेद राखणे हे राजकीय कार्य आहे.